मयत ग्राहकाचं गृहकर्ज

मी काय काम करायचे ते सांगितलं की समोरचा माणूस आधी नकळत खिसा चाचपतो. हैदराबादेत, काचीगुड्याच्या एका बँकेच्या शाखेत मी कर्ज मंजूर करायचे. खरं म्हणजे नामंजूर करायचे असंच म्हणायला हवं, कारण मंजूर करायला हल्ली माणूस लागत नाही, ते मशीनच करतं. मशीन अडलं की फाइल माझ्या टेबलावर यायची, आणि फाइलमागून तिचा मालक.

तो मालक बहुतेक वेळा पंचवीस-तिशीतला असायचा. अंगावर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा पट्टा आणि चेहऱ्यावर 'मला कोण नाही म्हणणार' असा भाव. त्याला मी नाही म्हणायचे. मग त्याला धक्का बसायचा. का नाही म्हटलं हे समजावून घेताना त्याच्या तोंडून जे काही बाहेर पडायचं, त्यानं मला बसायचा. पगार चांगला, शिक्षण चांगलं, इंग्रजी फाडफाड, आणि स्वतःच्या नावावर बाजारात काय चाललंय याचा पत्ता नाही. मी रोज हादरायचे आणि रोज नल्लकुंट्याला घरी जाऊन कुकर लावायचे.

ज्यांचा बँकेशी फारसा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही घेतलेलं प्रत्येक कर्ज, प्रत्येक कार्ड, त्याचा हप्ता वेळेवर भरला की रखडवला, या सगळ्याची नोंद काही कंपन्या ठेवतात. त्यावरून तुम्हाला तीन आकडी गुण मिळतात. त्याला सगळे स्कोअर म्हणतात. शाळेतले गुण निदान प्रगतिपुस्तकावर आईबापांची सही मागायचे. हे गुण तुमच्या पाठीमागे वाढतात आणि पाठीमागेच घसरतात.

साई किरण नावाचा एक मुलगा मोटरसायकलच्या कर्जासाठी आला होता. त्याचा स्कोअर चांगला आपटलेला. पाहते तर एकाच महिन्यात त्यानं दिसेल त्या बँकेकडे कार्डासाठी अर्ज केलेले. म्हटलं, बाबा, इतकी कार्डं कशाला? तो अगदी निरागसपणे म्हणाला, "मॅडम, मॉलमें फॉर्म भरे तो बॅगां फ्री दे रै थे. मैं नक्को कायकू बोलूं?" चाकांच्या बॅगा! आत्याला एक, मामाला एक, शेजाऱ्यांना एक. घरादाराची प्रवासाची सोय झाली आणि याची गाडी अडली. प्रत्येक अर्जामागे बँक त्याची नोंद मागवते आणि ती मागवल्याचीही नोंद होते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एका दमात दहा दारं ठोठावणारा माणूस अडचणीत असणार असं बँकेला वाटतं. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बॅग वापस करे तो चलता क्या?"

दुसरी एक मुलगी दर महिन्याला कार्डाच्या बिलावर लिहिलेली सगळ्यात छोटी रक्कम भरायची, बाकीची सोडून द्यायची. तिला वाटायचं बँकेनं आपल्यावर माया करून तेवढंच मागितलंय. व्याज कसं चढतं ते मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली, "मग तसं लिहायचं ना मोठ्या अक्षरात!" मनातून मला तिचं पटलं होतं.

पण ही झाली हसण्यावारी न्यायची प्रकरणं. ज्या प्रकरणानं मला आतून हलवलं ते वेगळं आहे.

माझ्या निवृत्तीला थोडा काळ उरला असताना अनघा आणि ओंकार हे जोडपं गृहकर्जासाठी आलं. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. ती आमच्या हैदराबादचीच, काचीगुड्यातच वाढलेली. तिच्या वडिलांना, दिगंबररावांना, मी ओळखत होते. गौलीगुड्यात त्यांचं ताडपत्री आणि सुतळीचं दुकान. आमच्या गणेशोत्सवात प्रसादाची जबाबदारी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे, आणि उरलेल्या खोबऱ्याचाही हिशेब देणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती. त्यांच्या मुलीचा अर्ज मशीननं अडवला याचंच मला नवल वाटलं.

"मावशी, आमचे दोघांचे पगार तर नीट येऊन राहिले, मग अडलं कायको?" अनघानं विचारलं.

मी पडद्यावर पाहिलं. लाल अक्षरांत ओळ आली होती. या अर्जदाराची माहिती बँकेच्या एका मयत ग्राहकाशी जुळते. मयत ग्राहकाचं नाव होतं रेवती. जन्मतारीख तीच, वडिलांचं नाव तेच, जुना पत्ता तोच. आणि फोटो.

मी पडदा तिच्याकडे वळवला. ती म्हणाली, "अय्यो, हा तर माझाच फोटो! मीच रेवती. लग्नात नाव बदललं ना."

ओंकारच्या बहिणीचंही नाव रेवती. एका घरात दोन रेवती नकोत म्हणून लग्नात सासरच्यांनी हिचं नाव अनघा ठेवलं होतं. रीतच आहे आपल्यात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, मग साखर वाटायची. ओंकार हसायला लागला, "म्हणजे मी भुताबरोबर संसार करतोय." तीही हसली. मीही हसले, कारण अशा चुका मी पुष्कळ पाहिल्या होत्या. लग्नानंतर हिनं जुन्या पॅन कार्डावरचं नाव बदलून घ्यायचं सोडून एजंटाकडून सरळ नवीन पॅन काढलं होतं. एका माणसाला दोन पॅन ठेवता येत नाहीत, पण एजंटाला त्याचं काय? नवीन नाव, नवीन पॅन, नवीन खातं, नवीन फोन नंबर. जुनं सगळं माहेरी कपाटात.

मग मी खालची ओळ उघडली आणि हसू तिथंच थांबलं. मयत रेवतीच्या नावावर आमच्याच बँकेची दोन कार्डं होती. दोन्ही काठोकाठ वापरलेली. शिवाय फोनवर मिळतं तसलं, बिनकागदाचं एक वैयक्तिक कर्ज. तिन्ही थकलेली. आणि सगळे व्यवहार तिच्या लग्नानंतरचे.

"कार्डं माझी आहेत," ती म्हणाली, "पण मी तर लग्नानंतर हातच लावला नाही त्यांना. वापरत नाही म्हणजे बंदच झाली ना?"

नाही. हे मी इथं ठळकपणे सांगते, कारण निम्म्या तरुण मंडळींचा हाच समज असतो. कार्ड वापरलं नाही म्हणून बंद होत नाही. ते तुम्ही बंद करायला सांगावं लागतं, आणि बंद झाल्याचं पत्र हातात घ्यावं लागतं. तोवर ते जिवंत असतं आणि नीट वागत असलं तर बँक त्याची मर्यादा आपणहून वाढवत राहते. वर कर्जही देऊ करते. त्यासाठी लागतो फक्त फोनवर येणारा ओटीपी.

"जुना नंबर कुणाकडे आहे?" मी विचारलं.

"आईकडे. तिच्या फोनमध्ये दुसरं सिम म्हणून टाकलंय." एवढं बोलली आणि तिचा चेहरा उतरला.

मला थांबता आलं असतं. पण फाइल उघडली की शेवटपर्यंत वाचायची सवय. वसुलीच्या माणसानं केलेल्या फोनची नोंद होती: 'वडिलांशी बोलणे झाले. ग्राहक मयत असल्याचे वडिलांनी सांगितले.'

ती अनघानंही वाचली. तिनं मला विचारलं, "कुणाचे वडील?"

इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून मी खोट्या पगारपत्रकांपासून खोट्या बायकांपर्यंत सगळं पाहिलं होतं. पण हे नव्हतं पाहिलं. एक बाप फोनवर सांगतो, माझी मुलगी मेली. आणि ती मुलगी दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जाते. त्याच्या हातचा विडा खाते.

आमच्या बँकेचीही मला लाज वाटली, तेही सांगून टाकते. एखादी म्हातारी मयत नवऱ्याच्या खात्यातले चार पैसे मागायला आली तर आम्ही तिच्याकडून मृत्यूचा दाखला मागतो, वारसांच्या सह्या मागतो, साक्षीदार मागतो. इथं मात्र वसुलीच्या कंत्राटदाराच्या पोरानं फोनवर ऐकलं आणि एका चालत्याबोलत्या मुलीला मारून मोकळा झाला. त्याला यादी संपवायची होती.

दुसऱ्या दिवशी दिगंबरराव आणि त्यांची बायको, सुमनवहिनी, शाखेत आले. मुलीनंच बोलावलं होतं. ओंकारला मात्र तिनं बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. म्हणाली, "तू आत नको येऊस. जावयासमोर बाबांना बोलायचं नाही मला." तिथंही ती त्यांची इभ्रत सांभाळत होती, आणि हे पाहून मला त्यांचा जास्तच राग आला.

दिगंबररावांनी काही लपवलं नाही. दुकान बसत चाललं होतं. लोक ताडपत्रीसुद्धा फोनवरून मागवायला लागले. मालाचे पैसे द्यायला नव्हते. कपाटात मुलीची कार्डं दिसली. शेजारच्या गल्लीत एक दुकानदार टक्केवारी घेऊन मशीनवर कार्ड घासून रोख देतो. एकदा घेतले, परत भरले. दुसऱ्यांदा घेतले, तेही भरले. मग बँकेचाच निरोप आला की तुम्हाला कर्ज मंजूर आहे, फक्त होय म्हणा. त्यांनी होय म्हटलं. नंतर भरणं जमेना.

"पण मी मेले म्हणून का सांगितलं, बाबा?"

ते जे बोलले ते ऐकून मी खुर्चीतच सरळ झाले.

"तू मेलीस असं मी नाही बोललो. रेवती गेली असं बोललो. तांदळात तुझं नाव बदललं तेव्हा मीच साखर वाटली ना सगळ्यांना? अनघा तिकडची झाली. रेवती हे नाव आमच्याकडेच राहिलं, तुझ्या सायकलीसारखं, तुझ्या फ्रॉकांसारखं. ते आता कुणाचंच नव्हतं. त्याचं बरंवाईट झालं तर तुला काय लागणार, असं वाटलं मला."

आणि हे ते मनापासून बोलत होते! बनाव करणारा माणूस मला कळतो. त्यांना खरंच वाटत होतं की साखर वाटली तेव्हा एक मुलगी संपली, आणि संपलेल्या मुलीच्या नावावर थोडे दिवस दुकान चालवलं तर कुणाचं काही जात नाही. चोरापेक्षा मला हा माणूस भयंकर वाटला. चोराला आपण चोरतोय एवढं तरी माहीत असतं.

मग ते माझ्याकडे वळले. "ताई, मी काय म्हणतो, राहू द्या ना तसंच. रेवती नाही तर नाही. अनघा दुसऱ्या बँकेत जाईल, घर घेईल. कोणाला समजणार?"

"दिगंबरराव," मी म्हटलं, "ती तुमच्या समोर बसलीय."

मुलीला मी तिच्यापुढचे रस्ते सांगितले. तसंच ठेवून चालणार नव्हतं, कारण जी जुळणी आमच्या मशीननं केली ती आज ना उद्या कुठलंही मशीन करणार. आता तिनं जिवंत असल्याचं लिहून दिलं की थकलेलं सगळं तिचं होणार. जिवंत माणसाला देणं असतं. आणि हे व्यवहार मी केले नाहीत असं तिनं म्हटलं, तर ते कुणी केले हे लिहावं लागणार, आणि तो कागद माझ्या टेबलावर थांबणार नव्हता. तो पोलिसांकडे जाणार होता. स्वतःवर घ्यायचं की बापाचं नाव लिहायचं, हे तिचं तिनं ठरवायचं होतं.

तिनं पेन हातात घेतलं आणि टोपण काढून बाजूला ठेवलं. "घेते मी माझ्यावर," ती हळूच म्हणाली. "भरू थोडं थोडं. घर नंतर बघू."

मला ओरडावंसं वाटलं. पण बँकेच्या माणसानं ग्राहकाला असं कर, तसं कर म्हणायचं नसतं.

तोवर सुमनवहिनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नक्को."

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहायला लागलो.

"ते नंबर मीच वाचून दाखवले गं. हे म्हणायचे दुकानाचं काम हाय, मेसेज आला की आकडे सांग. मी सांगत गेले. माझं बी नाव लिही त्यात." त्यांचा आवाज चढत गेला. "पण त्या दिवशी हे फोनवर बोलले ना, रेवती गेली म्हणून, मी पोळ्या लाटत होते. हातातलं लाटणं पडलं माझ्या. मी विचारलं, कोण गेलं? तर म्हणाले, कोणी नाही, बँकवाला हाय. तेव्हापासून दर रविवारी तू आलीस की मी आधी तुझ्या पायाकडे बघते. तुला वाटत असेल आई चपला बघते." त्यांनी मुलीच्या हातातलं पेन तिच्या बोटांसकट घट्ट धरलं. "आधी लिही, मी जिवंत आहे म्हणून. मग खरं काय झालं ते लिही. आमचं काय व्हायचं ते होऊ दे."

दिगंबरराव काहीतरी बोलायला गेले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुलीनं लिहिलं. कार्डाच्या कागदांवर जुनी सही होती म्हणून रेवती अशीच सही करावी लागली. खूप दिवसांत केली नव्हती, त्यामुळे पहिल्यांदा चुकली. मी दुसरा कागद दिला. ती रडत होती आणि वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

पुढचं थोडक्यात. तक्रार नोंदवली गेली. दिगंबररावांनी सगळं कबूल करून लिहून दिलं, दुकानाची जागा सोडून त्या जागेचे आलेले पैसे बँकेत भरले आणि उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले, म्हणून ते तुरुंगाच्या दारातून परतले. वहिनींना काही झालं नाही. मुलीच्या नावापुढचा 'मयत' हा शब्द निघायलाच इतके दिवस गेले की पसंत केलेला फ्लॅट दुसऱ्यानं घेतला. एकदा मारलेल्या माणसाला जिवंत करायला बँकेत फार सह्या लागतात. तिचा स्कोअर अजून लंगडतच चालतोय. रविवारचं जेवण बंद झालं. आई तिला बाहेर भेटते. वडिलांशी ती बोलत नाही.

मी तिला एकदा विचारलं होतं, तू कधीच स्वतःच्या कर्जांच्या नोंदींचा रिपोर्ट काढून पाहिला नव्हतास का? वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. ती म्हणाली, "मावशी, कर्ज घ्यायचं असलं की बघतात ना तो?" तेच मला या वयाच्या मुलांना सांगायचंय. कर्ज घ्यायचं नसतानाच तो पाहा. आपल्या नावावर कोण काय करतंय हे दिसतं. कार्ड एकच घ्या, पेलेल तेवढंच घ्या, आणि फुकटच्या बॅगेसाठी तर मुळीच घेऊ नका. नाव बदललंत तर जुनं नाव उघड्यावर टाकून जाऊ नका. आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही, या 'कुणाला'मध्ये घरची माणसंही येतात. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतो, पण लिहिते.

दिगंबररावांना हप्ता कुठूनही भरता आला असता. फोनवरूनसुद्धा. पण ते दर महिन्याला आमच्याच शाखेत यायचे, रांगेत उभे राहायचे आणि रोख भरायचे. माझ्या केबिनकडे पाहायचे नाहीत. मीही बाहेर जायचे नाही. माझा राग गेला नव्हता.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात काउंटरवर नवीन मुलगी आली होती, लावण्या. मी तिच्या मागे उभी राहून काम दाखवत होते. दिगंबररावांनी पैसे आणि स्लिप पुढे सरकवली. दुसऱ्याच्या खात्यात रोख भरणाऱ्याला नातं विचारायचं, असं मीच तिला सकाळी शिकवलं होतं. तिनं स्लिपवरचं नाव वाचलं आणि अदबीनं विचारलं, "अंकल, ये रेवती मॅडम आपके कौन होते?"

त्यांनी स्लिप परत आपल्याकडे ओढली आणि तिच्यावरचं नाव वाचलं. मागचा माणूस चुळबुळायला लागला.

"मैं बाप था, अम्मा," ते म्हणाले.

लावण्यानं स्लिपवर 'वडील' असं लिहिलं आणि शिक्का मारला.